अणुभट्टीतून औषध : 'ध्रुव'ची ओळख



६ ऑगस्टला परिपाठात हिरोशिमाची माहिती सांगितली. नंतर एका मुलीने विचारलं, "मग माझ्या आईला अणूचं औषध का दिलं?" आईला थायरॉईडसाठी आयोडीन-१३१ दिलं होतं. हे कळल्यापासून मैत्रिणी तिच्याजवळ डबा खायला बसत नव्हत्या. म्हणून हा पाठ.

मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 'ध्रुव' ही संशोधन अणुभट्टी आहे. ती वीज बनवत नाही, न्यूट्रॉन पुरवते.

अशी भट्टी चुलीसारखी एकदम पेटवत नाहीत. इंधन भरून, न्यूट्रॉन मोजत मोजत सावकाश पुढे जातात. युरेनियमच्या विखंडनाची साखळी आपली आपण चालू राहिली, की भट्टी 'क्रांतिक' झाली असं म्हणतात. ध्रुव ८ ऑगस्ट १९८५ रोजी क्रांतिक झाली. पण थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाने इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्या. ते दुरुस्त करून १०० मेगावॉटची पूर्ण क्षमता गाठायला १९८८ साल उजाडलं.

आता औषध. टेल्युरियमचं संयुग डबीत बंद करून भट्टीत ठेवतात. टेल्युरियम-१३० न्यूट्रॉन घेऊन टेल्युरियम-१३१ होतं आणि त्याचंच पुढे आयोडीन-१३१ बनतं. मग ते जाड शिशाच्या आडोशामागे वेगळं काढतात.

याचं अर्धायुष्य ८ दिवस. फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या :

सुरुवातीला – १०० भाग
८ दिवसांनी – ५०
१६ दिवसांनी – २५
२४ दिवसांनी – १२.५

म्हणजे हे औषध वर्षभराचं भरून ठेवता येत नाही. दुधासारखं ताजंच लागतं. म्हणून भट्टी एकदा सुरू झाली एवढ्यावर भागत नाही, ती नियमित चालावी लागते.

हेच कोष्टक त्या मुलीच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. औषध घेतल्यावर काही दिवस आईच्या शरीरातून किरण निघतात, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस मुलांपासून अंतर ठेवायचं. बरंचसं आयोडीन लघवीवाटेही निघून जातं. आणि मुलगी? मुलांना विचारा, एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगातून एक्स-रे निघतात का? नाही ना! तसंच हे किरण अंगावर पडल्याने कुणी किरणोत्सारी होत नाही.

तेव्हा तिच्या शेजारी बसून डबा खायला काहीच हरकत नाही. हे मुलांना सांगाच, आणि पालकसभेतही सांगा.