दगडावर लिहिलेला खाडा

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजमध्ये कुरआन क्रमाने ऐकला जातो. त्यात हजरत मूसा (अ.स.) आणि फिरऔन यांची कथा पुन्हा पुन्हा येते. फिरऔन म्हणजे मिसरचा, आजच्या इजिप्तचा राजा. स्वतःलाच देव म्हणवणारा. आमच्या घरात कुणी जरा जास्तच तोऱ्यात वागू लागले, की दादी म्हणायची, "फिरऔन नको बन रे!" लहानपणी मिसर म्हणजे आम्हाला एवढेच ठाऊक होते. एक गर्विष्ठ राजा, पिरॅमिड आणि ममी.

ममी तर आपल्याला जवळचीच. १९४८ पर्यंत परळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. आजही परळीहून विकाराबादमार्गे रेल्वेने हैदराबादला जाता येते. चारमिनार पाहून झाला, की अनेक जण नामपल्लीच्या बागेतल्या सरकारी संग्रहालयात जातात. तिथे काचेच्या पेटीत इजिप्तच्या एका तरुण मुलीची ममी आहे. सहाव्या निजामाचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती विकत घेतली, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना दिली आणि १९३० मध्ये ती संग्रहालयात आली, असे सांगितले जाते. हवेने ती खराब होऊ लागली, तेव्हा ऑक्सिजन काढून नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेटीत तिला ठेवण्यात आले.

मेलेले शरीर टिकवण्यासाठी प्राचीन मिसरमध्ये सत्तर दिवस विधी चालत. विशिष्ट क्षाराने शरीर सुकवायचे, मग लिननच्या कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळायचे. हे सारे ज्याला परवडे त्याच्यासाठी. राजांसाठी तर डोंगर कोरून थडगी केली जात. ती कोरणारे हात कुणाचे होते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर मिळाले तेव्हा मिसर एकदम आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारी येऊन बसले.

नाईल नदीच्या पश्चिमेला, आजच्या लक्सर शहरासमोर, देर अल-मदिना नावाचे उजाड गाव आहे. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे बायकामुलांसह राहत. तटबंदीच्या आत सत्तरच्या आसपास घरे. गावात विहीर नाही. पाणी गाढवांवर लादून खालून आणावे लागे. म्हणजे आपल्या टँकरचेच जुने रूप. पुढे कधीतरी तिथे पन्नासेक मीटर खोल खड्डा खणला गेला. तो पाण्यासाठी असावा, असे मानतात. पाणी लागले नाही आणि खड्डा केरकचऱ्याने बुजला. विसाव्या शतकात फ्रेंच संशोधकांनी तो उपसला, तेव्हा त्यातून लिहिलेली हजारो खापरे आणि दगडाच्या चिपा निघाल्या. कोरड्या विहिरीने पाणी दिले नाही, पण एका गावाचा सगळा संसार जपून ठेवला.

या गावात पपायरस महाग होता. त्यामुळे रोजचे हिशेब, भांडणे, उसनवारी, पत्रे फुटक्या खापरांवर आणि चुनखडीच्या चिपांवर लिहिली जात. अशी एक मोठी चीप आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती आहे मजुरांच्या हजेरीची. साल, दुसऱ्या रामसेसच्या राज्याचे चाळीसावे. म्हणजे सुमारे ३,२५० वर्षांपूर्वीचे. मूसांच्या कथेतला फिरऔन हाच, असे पुष्कळ जण मानतात.

या हजेरीत प्रत्येक मजुराचे नाव आहे. पुढे खाड्याची तारीख आणि त्यावर लाल शाईने कारण. कुणी आजारी होता. सेबा नावाच्या माणसाला विंचू चावला होता. कुणाच्या घरी मयत झाली होती. कुणी घरी बार्लीची दारू गाळत होता. आणि काही नोंदींत कारण दिले आहे, बायकोची किंवा मुलीची पाळी. खाड्याचे हे कारण कारकुनाने कसलीही टिप्पणी न करता लिहून घेतले आहे.

या मजुरांचा पगार धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोते बार्ली. आपल्याकडे बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळे, तसेच. ईदच्या नमाजआधी द्यायचा फितराही आपण गव्हाच्या किंवा जवाच्या मापानेच मोजतो. भुकेचा हिशेब सगळीकडे धान्यातच होतो.

पुढे तिसऱ्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, हे धान्य थकले. मजुरांनी हत्यारे खाली ठेवली, पहारे ओलांडले आणि राजांच्या मंदिरामागे जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. थकलेले धान्य हळूहळू मिळाले. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप. त्याची हकिकत एका कारकुनाने पपायरसवर लिहिली आणि ती आज इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात आहे.

आता आपल्याकडे पाहू. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकात मिसरमधून व्यापार करणाऱ्या एका ग्रीक भाषकाने लिहून ठेवले आहे, की तगरचे कापड गाड्यांतून भडोचला येते आणि तिथून समुद्रापार जाते. मराठवाड्याचे कापड तिकडच्या बंदरांत उतरले. पण ते विणणाऱ्या एकाही कोष्ट्याचे नाव आपल्याकडे उरलेले नाही.

कोष्ट्याचे सोडा, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे नाव तरी कुठे असते? दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' लिहिला जातो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नाव नवऱ्याचे, उचल नवऱ्याच्या हाती, आणि बाई म्हणजे अर्धा कोयता. खाडा झाला की दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली, सरकारला समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

फिरऔनच्या राज्यात घरातल्या बाईची पाळी हे पुरुषाच्या खाड्याचेही कारण म्हणून लिहिले गेले. आपल्याकडे खुद्द बाईला ते सांगायची सोय नाही. फिरऔनला वाईट म्हणणे सोपे आहे, तो तीन हजार वर्षे लांब आहे. मुकादमाची वही जवळ आहे.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. मजुरी द्यायची तर आधी मजुराची नोंद हवी. ऊसतोड कामगारांना ओळखपत्रे देण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. गाळप संपत आले, की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गावाकडे परततील. तुमच्या गल्लीतली, वस्तीतली एखादी ताई परत आली, की तिला पाणी द्या, चहा द्या आणि एवढे विचारा, "ताई, तुमच्या स्वतःच्या नावाचे कार्ड निघाले का?" नसेल निघाले, तर तिच्यासोबत ग्रामपंचायतीत जा. हेही रमजानचेच काम समजा.