टायरवर नक्षी दिसतेय म्हणजे टायर चांगला आहे असं नसतं, बाईकचा टायर कधी बदलायचा ते असं ओळखा

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि पाठोपाठ टायर फुटून होणाऱ्या अपघातांच्या बातम्या यायला लागल्या. मग २०२३ मध्ये परिवहन विभागानं या रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला घेतले. घासलेल्या टायरच्या गाड्यांना माघारी पाठवलं. चारचाकीवाल्यांना टायर नावाची गोष्ट तपासायची असते हे तेव्हा कळलं.

पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे एमएच ३७ पासिंगच्या ज्या हजारो बाईक रोज रिसोड, मानोरा, शेलूबाजार, शिरपूर करतात, त्यांचे टायर कुणीच तपासत नाही. पोलिसवाला लायसन्स बघतो, पीयूसी बघतो, हेल्मेट बघतो. टायर बघायचं काम गाडीच्या मालकाचं.

आणि मालक काय बघतो? तर पंक्चर झालं का आणि हवा आहे का. बास.

आता हा विषय किती गंभीर आहे बघा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक गेले. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. या सगळ्यांना टायर कारणीभूत होता असं अजिबात नाही. पण बाईक रस्त्याला फक्त दोन ठिकाणी टेकलेली असते, आणि ती प्रत्येक जागा तळहातापेक्षाही लहान असते. ब्रेक कितीही भारी असू द्या, गाडी थांबवायचं शेवटचं काम तेवढ्याशा रबरालाच करायचं असतं.

टायर उन्हाळ्यात चालतो, मग पावसाळ्यात दगा का देतो?

घासलेला टायर कोरड्या डांबरावर व्यवस्थित चालतो. इतकंच काय, बाईकच्या रेसमध्ये कोरड्या ट्रॅकवर लावतात ते टायर मुद्दाम बिनखाचांचे असतात, कारण जितकं जास्त रबर रस्त्याला टेकेल तितकी पकड जास्त.

म्हणजे मग खाचा असतात कशासाठी? तर पाण्यासाठी.

टायरखाली आलेलं पाणी बाजूला ढकलायचं आणि रबराला डांबरापर्यंत पोहोचवायचं, हे खाचांचं काम. खाचा उथळ झाल्या की पाण्याला जायला जागा राहत नाही. मग रबर आणि रस्ता यांच्यात पाण्याचा पातळ थर अडकतो आणि ब्रेक मारला की चाक घसरतं.

घोळ इथंच होतो. मार्च ते मे या काळात घासलेला टायर काहीच तक्रार करत नाही. मालकाला वाटतं, 'अजून एक सीझन निघतो.' आणि मग मृगाचा पहिला पाऊस येतो. रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि गाड्यांचं सांडलेलं तेल त्या पाण्यात मिसळून रस्ता साबण लावल्यासारखा होतो. त्यात शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून टाकलेला असतो. नेमके हेच दिवस पेरणीचे. सोयाबीनचं बियाणं, खताची पोती, सगळी धावपळ बाईकवरच. टायरची परीक्षा होते ती या आठवड्यांत.

मग किती घासला की बदलायचा?

याचं उत्तर कायद्यातही आहे आणि टायरवरही आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९४ सांगतो की दुचाकीच्या टायरच्या खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नको. पण एवढं मोजत कोण बसणार? म्हणून कंपन्यांनी टायरमध्येच खूण करून ठेवलेली असते.

टायरच्या कडेला बघा. तिथं टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसेल. त्या खुणेच्या सरळ रेषेत वर खाचेत बघितलं की तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसतो. खाच खोल असते तेव्हा हा उंचवटा आत लपलेला असतो. टायर झिजत झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आला, की त्याचं काम संपलं.

हे बघताना टायरच्या मधोमध बघायचं. लोक कडेची नक्षी बघतात आणि म्हणतात, 'नवा तर आहे.' पण बाईक सरळ रस्त्यावर मधल्या पट्ट्यावरच पळते. अकोला-वाशिम-हिंगोली महामार्गावर रोज पळणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधून सपाट झालेला असतो आणि कडेला नक्षी तशीच असते. अशी गाडी वळणावर कलंडवली की गोल टायरसारखी सहज वळत नाही, एकदम झुकल्यासारखी वाटते. असं वाटत असेल तर खाली वाकून मागचा टायर बघायची वेळ झालीय.

आता न घासलेल्या टायरबद्दल

गावात अशी एक तरी गाडी असते जी कमी चालते. आजोबांची असते, किंवा पोरगं पुण्याला कामाला गेलं म्हणून अंगणात उभी असते. नक्षी एकदम कडक. पण टायर सात-आठ वर्षांचा.

रबर हे म्हातारं होणारं मटेरियल आहे. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या सगळ्यांनी ते कडक होत जातं. टायर काळा असतो त्यामागे एक कारण हेच. त्यात मिसळलेला कार्बन रबराला मजबुती देतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो. रबरात मेणासारखी द्रव्यंही घातलेली असतात. टायर फिरत राहिला, दबत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराचं रक्षण करतात. गाडी उभीच राहिली तर हे होत नाही. म्हणून विदर्भाच्या उन्हात अंगणात उभी असलेली गाडी कमी चालली तरी तिचा टायर म्हातारा होतोच.

कडक झालेलं रबर रस्त्याला चिकटत नाही. ओल्या रस्त्यावर तर अजिबात नाही. आणि यात जास्त धोका पुढच्या टायरचा असतो. मागचा टायर लवकर झिजतो म्हणून तो बदलला जातो. पुढचा हळू झिजतो, त्यामुळे वर्षानुवर्षं तोच राहतो. पण जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढं येतं आणि थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाक करतं. मागचं चाक घसरलं तर गाडी सावरायची थोडी संधी असते. पुढचं घसरलं की माणूस थेट खाली.

टायरचं वय कसं ओळखायचं? कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात, त्यामुळे दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूनं बघायचं.

मिशेलिनसारख्या कंपन्यांचा सल्ला असा की पाच वर्षं वापर झाला की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यायचा, आणि दिसायला कितीही चांगला असला तरी बनल्यापासून दहा वर्षांनी काढूनच टाकायचा. दहा ही शेवटची मर्यादा आहे. तोवर चालवायचाच असा त्याचा अर्थ नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर त्याच्या कितीतरी आधी संपू शकतो.

या खुणा दिसल्या तर वय आणि नक्षी बघत बसू नका

टायरच्या कडेला किंवा खाचांच्या तळाशी जाळीसारख्या भेगा दिसत असतील, कडेला कुठं फुगा आला असेल, आतले दोरे दिसत असतील किंवा कडेला चीर गेली असेल, तर टायर बदलायचा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत आणि हवा फक्त रबरानं धरून ठेवलीय. तो कधी फुटेल याचा नेम नाही.

आपल्याकडं चिरलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावून चालवायची पद्धत आहे. दुकानापर्यंत पोहोचायला तो जुगाड ठीक, पण त्यावर डबल सीट फिरायचं नाही. ट्यूबलेस टायरचं पंक्चरही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं काढायचं असतं. कडेला खिळा किंवा काटा घुसला असेल तर तो टायर गेला.

वजनाचं गणित

१०० सीसीच्या नेहमीच्या बाईकचा मागचा टायर घ्या. त्यावर ८०/१००-१८ आणि पुढं ५४पी असं लिहिलेलं असतं. ८० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ५४ हा वजनाचा कोड आहे, त्याचा अर्थ २१२ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग.

२१२ किलो भरपूर वाटतात. पण गाडीचं निम्म्याहून जास्त वजन, चालवणाऱ्याचं बरंचसं आणि मागं बसणाऱ्याचं जवळपास सगळं वजन याच चाकावर येतं. त्यावर ४५ किलोचं युरियाचं पोतं टाकलं की टायर मर्यादेच्या अगदी जवळ जातो. आणि हे २१२ किलो हवा पूर्ण असेल तरच. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो आणि आतून खराब होतो. डबल सीटसाठी किती हवा हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं. हवा टायर थंड असताना तपासायची. तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्तच दिसतो, तो बघून हवा सोडायची नाही.

नवीन टायर घेताना

पुस्तिकेत दिलेलाच साईज घ्या. दुकानदारानं टायर पुढं ठेवला की आधी ते चार आकडे वाचा. वर्षानुवर्षं दुकानात पडून असलेला टायर 'नवा' म्हणून घेण्यात अर्थ नाही. आयएसआय मार्क बघा. ट्यूबवाला टायर असेल तर ट्यूबही नवी टाका, जुनी ट्यूब ताणलेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडू शकते. कडेला बाण असेल तर चाक त्याच दिशेनं फिरलं पाहिजे, बसवून झाल्यावर एकदा खात्री करा. रिमोल्ड टायर बाईकला नकोच, कारण त्याचा थर सुटला तर तोल सांभाळायला तिसरं चाक नसतं.

आणि टायर बसवला की लगेच गाडी पिदडायची नाही. नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणावर जास्त झुकणं टाळा.

बदलायचाच असेल तर मे महिन्यात बदला. जूनमध्ये पेरणीच्या खर्चापुढं टायरचा नंबर मागं पडतो, आणि नेमका तेव्हाच रस्ता ओला असतो.

पुढच्या वेळी पंपावर पेट्रोलच्या रांगेत उभे असाल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि पुढच्या चाकावरचे ते चार आकडे वाचा. जमलं तर वडिलांच्या गाडीचेही.