घरगुती लाकूडफोड यंत्राची निवड : एक यंत्रशास्त्रीय विवेचन

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, कॅनडाच्या ग्रामीण भागात आणि नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत आजही पुष्कळ घरे हिवाळ्यात लाकडाच्या बंदिस्त शेगडीवर ऊब धरतात. तेथे सरपण हा केवळ इंधनाचा प्रश्न नसून गृहव्यवस्थेचे एक अंगच होऊन बसला आहे. नॉर्वेजियन लेखक लार्स मिटिंग यांनी लाकूड तोडणे, फोडणे, रचणे व वाळविणे एवढ्याच विषयावर लिहिलेला ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध झाला आणि त्यास फार मोठा वाचकवर्ग लाभला, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. अशा घरांतून कुऱ्हाड, पाचर आणि घण यांची जागा आता यंत्राने घेतली आहे. मात्र यंत्र निवडताना ग्राहकाची दृष्टी बहुधा जाहिरातीतील एका आकड्यावर, म्हणजे ‘टना’वर, खिळलेली असते. हा आकडा कितपत अर्थपूर्ण आहे आणि त्याखेरीज कोणत्या गोष्टींचा विचार केला पाहिजे, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. लाकूड का फोडावयाचे?

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. असे लाकूड जाळले असता उष्णतेचा काही भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. परंतु खरी हानी त्याहून निराळी आहे. अग्नीचे तापमान उतरल्यामुळे ज्वलन अपुरे राहते, धूर वाढतो आणि धुराड्याच्या आतील बाजूस डांबरासारखा ज्वालाग्राही थर साचतो. तो पेटला म्हणजे घरास आग लागण्याचा धोका संभवतो. म्हणूनच पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आणणे इष्ट समजले जाते. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणास हीच मर्यादा कायद्याने लागू करण्यात आली. अखंड ओंडक्यावरील साल ओलावा कोंडून धरते. ओंडका फोडला की नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि वाळण्याची क्रिया वेग घेते. तात्पर्य, फोडणे ही वाळविण्याची पूर्वतयारी होय, आणि ती हंगामाच्या बरीच आधी उरकली पाहिजे.

२. पाचरीचे कार्य

कापणे आणि फोडणे या भिन्न क्रिया आहेत. लाकडाचे तंतू तोडण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या मानाने तंतूंना परस्परांपासून विलग करण्यास फारच थोडी लागते. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेच्या अभ्यासावरून मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. भेग पुढे सरकण्यासाठी नवा पृष्ठभाग निर्माण करण्याइतकी ऊर्जा मिळाली पाहिजे, आणि एकदा ती मिळू लागली की भेग पाचरीच्याही पुढे धावते. म्हणून सरळ तंतूंच्या लाकडात सर्वांत अधिक बल आरंभीच्या क्षणी लागते, नंतर ते झपाट्याने उतरते. एल्मसारख्या वृक्षाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे मात्र पाचरीला शेवटपर्यंत झगडावे लागते. फांदी फुटलेल्या जागेच्या गाठींचेही तसेच आहे.

पाचरीवर दिलेल्या बलापैकी किती बल लाकूड फाकविण्यास मिळते, हे तिचा कोन व घर्षण यांवर अवलंबून असते. पाचरीचा एकूण कोन ३० अंश आणि घर्षणांक ०.३ धरल्यास मिळणारे पार्श्वबल मूळ बलाच्या सुमारे ८१ टक्के येते, व दिलेल्या बलाचा निम्म्याहून अधिक हिस्सा घर्षणावर मात करण्यात जातो. कोन २० अंशांवर आणल्यास पार्श्वबल सुमारे ९९ टक्क्यांपर्यंत चढते. परंतु तेवढ्याच अंतरात पाचर लाकूड कमी फाकविते. चार पात्यांची पाचर एका फेरीत चार तुकडे करते खरी, पण तिला बलही त्या मानाने पुष्कळ अधिक लागते.

३. ‘टना’चे गणित

द्रवदाबावर चालणाऱ्या यंत्रात पंप तेलाला दाब देतो व ते तेल सिलिंडरातील दट्ट्या ढकलते. दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ म्हणजे बल, एवढेच याचे सूत्र आहे. सिलिंडराचा आतील व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम दाब असता बल १५,७०० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १५.७ टन भरते. व्यास १२.५ सेंटिमीटर केल्यास तेच २४.५ टन होते. यास्तव व्यास व दाब हे दोन आकडे मिळाले की कोणाही ग्राहकाला जाहिरातीतील टन स्वतः ताडून पाहता येतात.

परंतु बल वाढले म्हणजे काम लवकर उरकते, असे मात्र नाही. दट्ट्याची धाव ६० सेंटिमीटर धरल्यास पहिल्या सिलिंडरात ४.७ लिटर तेल भरावे लागते, दुसऱ्यात ७.४ लिटर. पंप मिनिटाला ४० लिटर तेल देत असेल तर पहिला दट्ट्या ७ सेकंदांत पुढे येईल, दुसरा ११ सेकंदांत. एंजिन व पंप तेच असता मोठा सिलिंडर यंत्राला संथ करतो.

येथेच दुहेरी टप्प्याच्या पंपाचे महत्त्व कळून येते. मिनिटाला ४० लिटर तेल पूर्ण २०० किलोग्रॅम दाबाने द्यावयाचे झाल्यास, पंपातील तूट वगळूनही, सुमारे १८ अश्वशक्ती लागेल. म्हणून प्रतिकार कमी असताना पंप भरपूर तेल कमी दाबाने देतो; पाचर अडली की तो आपोआप मिनिटाला ११ लिटरांवर येतो, आणि मग ५ अश्वशक्तीत पूर्ण दाब साधतो. कठीण क्षण थोडाच वेळ टिकतो, या वर सांगितलेल्या गुणधर्माचाच हा चतुर उपयोग आहे.

जडचक्रावर चालणाऱ्या यंत्राचे तत्त्व निराळे आहे. त्यात फिरत्या चक्रांत साठविलेली ऊर्जा दंतपट्टीच्या द्वारे क्षणार्धात खर्च होते. फेरी दोन-तीन सेकंदांत पुरी होते, पण गाठाळ लाकडात चक्राची ऊर्जा संपून पाचर थांबते. अशा यंत्राला लावलेले ‘टन’ हे आघाताचे असल्याने द्रवदाबाच्या टनांशी त्यांची तुलना करणे युक्त नव्हे.

४. वेळेचा हिशेब

अमेरिकेत सरपण ‘कॉर्ड’ या मापाने मोजतात. रचलेल्या लाकडाचे १२८ घनफूट, म्हणजे सुमारे ३.६ घनमीटर, असे हे माप आहे. त्यात भरीव लाकूड २.४ घनमीटर धरू. ४० सेंटिमीटर लांबीच्या व १२० चौरस सेंटिमीटर छेदाच्या ढलप्या करावयाच्या असतील तर एका कॉर्डात ५०० ढलप्या होतील. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याच्या सहा ढलप्या करण्यास पाच फेऱ्या लागतात. म्हणजे दर कॉर्डास सुमारे ४२० फेऱ्या. एका फेरीस १२.५ सेकंद धरल्यास यंत्राचा वेळ ८८ मिनिटे होतो, २५ सेकंद धरल्यास त्याच्या दुप्पट. वर्षाला चार कॉर्ड जाळणाऱ्या घराला वेगवान यंत्रामुळे सुमारे सहा तास वाचतात. ओंडके उचलणे, ठेवणे व ढलप्या रचणे यांचा वेळ मात्र कोणतेही यंत्र घेतले तरी तेवढाच राहतो. या सहा तासांसाठी किती खर्च करावयाचा, हाच निवडीतील खरा आर्थिक प्रश्न होय.

अमेरिकेतील घरच्या १२० व्होल्ट, १५ अँपियर वाहिनीतून १.८ किलोवॅटपेक्षा अधिक शक्ती घेता येत नाही. त्यामुळे तिच्यावर चालणारी यंत्रे लहान सिलिंडराची, सामान्यतः ५ ते ७ टनांची असतात. सरळ तंतूंच्या मध्यम ओंडक्यांना ती पुरतात. जाड बुंधे उचलणे शक्य नसेल तर उभे करता येणारे यंत्र घ्यावे, म्हणजे ओंडका जमिनीवरच राहतो.

५. सुरक्षितता

यंत्राचे बल लाकूड आणि बोटे यांत भेद करीत नाही. ‘ईएन ६०९’ या युरोपीय मानकाचा पहिला भाग पाचरीच्या यंत्रांच्या सुरक्षिततेस वाहिलेला आहे. युरोपात दोन्ही हातांनी चालवावयाची रचना रूढ आहे. एकही हात सुटला की दट्ट्या थांबतो, म्हणजे चालविणाऱ्याचा हात पाचरीपाशी जाऊच शकत नाही. पण ही रचना दुसऱ्याचा हात वाचवू शकत नाही. एकाने लाकूड ठेवावयाचे व दुसऱ्याने दांडा ओढावयाचा, ही वाटणी म्हणूनच घातक होय. फिरत्या मळसूत्री शंकूची यंत्रे वस्त्र पकडून माणसास ओढून घेऊ शकतात. ती टाळलेलीच बरी.

आणखी दोन धोके डोळ्यांस दिसत नाहीत. नळीच्या सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार हातमोजा भेदून त्वचेखाली शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास हात गमवावा लागू शकतो. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून शोधावी. दुसरा धोका पेट्रोल एंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा. असे एंजिन दार उघडे ठेवूनही गॅरेजमध्ये चालवू नये.

६. निष्कर्ष

निवडीचा क्रम असा असावा : प्रथम वर्षाची गरज कॉर्डात मोजावी, नंतर लाकडाची जात व ओंडक्याचा सर्वांत मोठा व्यास पाहावा, त्यानंतर यंत्राची चालविण्याची रचना तपासावी, आणि टनांचा विचार अखेरीस करावा. एक-दोन कॉर्डांची गरज कुऱ्हाडीने अथवा लहान विद्युत् यंत्राने भागते. मोठ्या गरजेस दुहेरी टप्प्याच्या पंपाचे, १० सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडराचे यंत्र बहुधा पुरेसे ठरते. वर्षातून दोन-तीन दिवसच काम असेल तर यंत्र भाड्याने आणणे किंवा शेजाऱ्यांत मिळून घेणे हेच शहाणपणाचे. अधिक टनांसाठी मोजलेले पैसे अतिशय गाठाळ लाकडाखेरीज क्वचितच फळतात. दोन हातांच्या नियंत्रणासाठी मोजलेले पैसे मात्र एका क्षणात भरून निघू शकतात.