मुळशीचा ‘ळ’ आणि दऱ्यांचा ‘ऱ’

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे नाव संगणक अक्षरे म्हणून नव्हे, तर अंक म्हणून साठवतो. म, उकार, ळ, श आणि दीर्घ ईकार या पाच घटकांना प्रत्येकी एक ठरलेला संकेतांक असतो आणि जगातील लिप्यांना असे संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकात ‘ळ’चा संकेतांक ०९३३ आहे. ही संख्या षोडशमान पद्धतीतील, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेली असून नेहमीच्या मोजणीत ती २३५५ होते. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट जागा घेत असल्याने ‘मुळशी’ला १५ बाइट लागतात.

प्रमाण हिंदीच्या लेखनाला ‘ळ’ लागत नाही, तरीही या वर्णाला स्वतंत्र स्थान विनासायास मिळाले, याचे कारण दक्षिणेकडे सापडते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की या मानकात ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांना एकच सामाईक आराखडा दिलेला होता आणि त्यात कन्नड, तमिळ, तेलुगू यांना हवा असलेला ‘ळ’ असणे भागच होते. युनिकोडने हीच मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून उचलली, म्हणून तेलुगू ‘ळ’ ०C३३ वर, तर मल्याळम ‘ळ’ ०D३३ वर, म्हणजे आपापल्या लिपीच्या तक्त्यात देवनागरी ‘ळ’च्याच जागी बसलेला दिसतो. अडचण उरते ती क्रमाची. तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला लागून येतो, मराठी वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो, त्यामुळे निव्वळ संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत ‘मुळशी’ ‘मुसळ’च्या आधी जाते. मराठी क्रमासाठी संगणकाला वेगळे नियम पुरवावे लागतात.

याहून अवघड प्रश्न याच तालुक्यातील ताम्हिणी घाटाच्या दऱ्यांचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, हा भेद मराठी लेखन रफार आणि पापणीसारखा वळलेला आखूड ‘र’ यांच्या साहाय्याने दाखवते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडीही तशीच. तक्त्यात या आखूड ‘र’ला स्वतःची जागा मिळाली नाही. द्राविडी भाषांतील एका वेगळ्या ‘र’च्या लिप्यंतरासाठी ठेवलेला नुक्तायुक्त ‘ऱ’ (संकेतांक ०९३१) आणि त्यापुढे पाय मोडण्याची खूण, अशा जोडीने तो दाखवावा, असे इस्कीच्या धर्तीवर ठरले. मराठीचे नित्याचे चिन्ह परक्या ध्वनीच्या अक्षराआडून यावे, ही सोय खरी, पण ओढूनताणून केलेली.

शिवाय युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत साधा ‘र’, पायमोडणी आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी पण संगणकाला कळणारी खूण, असा दुसरा क्रम होता आणि जुन्या मजकुरासाठी तो आजही ग्राह्य धरला जातो. दोन्ही क्रमांनी पडद्यावर ‘दऱ्या’च उमटते, परंतु अंक वेगळे असल्यामुळे एका क्रमाने लिहिलेला शब्द दुसऱ्या क्रमाने शोधला, तर साध्या शोधात सापडत नाही. ‘र’ आणि सुटा नुक्ता हा तिसरा प्रकार एकरूपीकरणाच्या प्रमाण प्रक्रियेत ‘ऱ’मध्ये मिसळून जातो, जोडकाचा क्रम त्या प्रक्रियेनंतरही वेगळाच राहतो. वाचक ज्याला एक शब्द मानतो, त्याला यंत्राने दोन मानावे, हा दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ हा ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो, तेव्हा दऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या असे शब्द लिहिताना तोच वापरणे श्रेयस्कर. जोडकाने लिहिलेला जुना मजकूर मात्र कोणी नव्याने टंकत बसणार नाही. म्हणून मुळशी तालुक्यातीलच हिंजवडीत किंवा अन्यत्र मराठीसाठी शोधयंत्रणा घडवणाऱ्यांनी हे दोन्ही क्रम एकच मानण्याची तजवीज आपल्या आज्ञावलीत करावी.