मधपेटीतही वाफसा पाहावा लागतो



हंगाम सुरू झाला की आमचा सगळा दिवस तोडणी-वाहतुकीच्या तक्रारींत जातो. पण मागच्या रब्बीत एक तक्रार आली ती उसाची नव्हती. एका वडीलधाऱ्या सभासदांनी खोडवा मोडून त्या रानात बियाण्यासाठी कांदा धरला होता. डोंगळे चांगले आले, गोंडे फुलायला लागले. आमच्या सांगण्यावरून त्यांनी बांधाला सातेरी मधमाश्यांची एक पेटी ठेवली होती. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार नव्या चौकटी घातल्या. पंधरा दिवस झाले, माश्या तिकडे फिरकत नाहीत. खोट पेटीत आहे का माशीत?"

आम्ही जाऊन पेटी उघडली. खोट पेटीतही नव्हती, माशीतही नव्हती. आमच्या सल्ल्यात होती. जेमतेम चार पोळ्यांवर बसणाऱ्या वसाहतीला आम्ही एकदम चार कोऱ्या चौकटी द्यायला लावल्या होत्या. चार माणसांच्या घराला आठ खोल्यांचा वाडा दिला, तो राखायचा कोणी? रात्रीची थंडी आत शिरली, मुंग्या चढल्या, कोऱ्या मेणपत्र्यावर मेणकिडा दिसू लागला. पुढच्या आठवड्यात ऐन फुलात सातेरी पेटी सोडून निघून गेली. त्या प्लॉटात बी कमी भरले. त्याला इतरही कारणे असतील, पण माशी गेली हे त्यातले एक. कांद्याच्या फुलातले पराग आधी गळतात आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर मागाहून तयार होते, म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच.

आपल्या उसाला मधमाशीची गरज नाही, तो कांडीवर येतो. परंतु ज्या सभासदांकडे कांदा-बी, सूर्यफूल, शेवगा आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात, म्हणजे आमची चूक त्यांच्या हातून होणार नाही.

पहिली गोष्ट, मेण येते कुठून? मेण बाहेरून आणता येत नाही. ते कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरते, आणि तेही साधारण बारा ते अठरा दिवसांच्या तरुण माशीच्या. अशा माश्या एकमेकींचे पाय धरून साखळ्या करून लोंबकळतात, उष्णता धरतात आणि मेणाचे पापुद्रे चावून घर उभे करतात. हे काम खर्चिक आहे. एक किलो मेणासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा अंदाज सांगितला जातो. तेव्हा घरात मिळकत नसताना माशी बांधकाम काढत नाही. आपण तरी काढतो का?

म्हणून चौकट देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. राणी अंडी घालते आहे ना? तरुण माश्या आहेत ना? बाहेर फुलोरा आहे ना? आणि असलेली पोळी माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकली आहेत ना? या चारही गोष्टी जुळल्या की जुन्या पोळ्यांच्या कडांवर आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर ताजे पांढरेशुभ्र मेण दिसू लागते. हाच पेटीतला वाफसा समजावा. रानाला वाफसा आल्याखेरीज आपण कुळव घालत नाही, तसेच हे पांढरे मेण दिसल्याखेरीज नवी चौकट घालू नये.

दुसरी गोष्ट, चौकट एका वेळी एकच द्यावी. ती पिलावाच्या शेवटच्या पोळ्यालगत ठेवावी. वसाहत भरगच्च असून फुलोरा जोरात असेल तर दोन सरळ पोळ्यांच्या मध्ये दिली तरी चालते, म्हणजे नवे पोळेही सरळ उतरते. मात्र थंडीत पिलावा दुभंगू नये. चौकटी एकमेकींना भिडवून ठेवाव्यात. मध्ये फट राहिली तर माश्या तिथे आडवेतिडवे पोळे ओढतात. पेटी आडव्या अंगाने समपातळीत असावी, कारण माशी ओळंब्यातच बांधते. रिकामी जागा उरत असेल तर आतली फळी सरकवून घर लहान करावे. निम्म्याहून अधिक पोळे बांधून राणीने त्यात अंडी घातली की मग दुसरी चौकट.

तिसरी गोष्ट मेणपत्र्याची. पत्रा शुद्ध मधमाशीच्या मेणाचा असावा. पॅराफिन मिसळलेला घेऊ नये. तो तारेवर ताठ बसवावा. मुख्य म्हणजे सातेरीसाठी सातेरीचाच पत्रा घ्यावा. मेलिफेरा माशी मोठी असते, तिच्या पत्र्यावरची घरे सुमारे ५.४ मिलिमीटरची, सातेरीला ती ढगळ होतात. पत्रा मिळाला नाही तर वरच्या पट्टीखाली पातळ मेणाची सरळ रेघ ओढावी. त्या रेघेवरून माशी खाली पोळे उतरवते.

चौथी गोष्ट आपल्या कारखान्याच्या मालाची. फुलोरा सुरू व्हायला थोडे दिवस असतील आणि वसाहतीला उठाव द्यायचा असेल, तर साखरेचा पातळ पाक द्यावा. पाणी उकळून खाली उतरवावे आणि त्यात तितक्याच मापाची पांढरी साखर विरघळवावी. निवल्यावर पाव लिटरभर पाक संध्याकाळी पेटीच्या आत वाटीत ठेवावा. वर काड्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. बाहेर सांडू नये, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. उरलेला पाक सकाळी काढून टाकावा.

इथे एक चूक आपल्याच भागात जास्त होते. घरचा गूळ, काकवी आहे तर साखर कशाला, असे वाटते. गूळ, काकवी किंवा मळी माशीला देऊ नये. त्यातले क्षार तिला पचत नाहीत आणि वसाहतीला हगवण लागते. आपल्या पोटाला जे चांगले ते माशीच्या पोटाला चांगले असेलच असे नाही.

मधाची वरची पेटी चढवण्यापूर्वी पाक बंद केलाच पाहिजे. पाकाचा मध करून विकणे म्हणजे मोळीत वाढे-पाचट बांधून वजन वाढवण्यासारखेच आहे. काट्यावर ते आम्ही चालू देत नाही, मग बरणीत कसे चालेल?

फुलोऱ्यात औषध फवारणे शक्यतो टाळावे. अगदीच अडले तर माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावे आणि शेजारच्या पेटीवाल्याला आधी कळवावे.

यंदा त्याच सभासदांनी पुन्हा एक वसाहत आणली. आम्ही शब्द दिला होता, म्हणून दर आठवड्याला जात होतो. पांढरे मेण दिसल्यावर एकच चौकट दिली. आठव्या दिवशी ती उचलली तर चांगली जड लागली आणि तळाशी माश्यांची साखळी लोंबत होती. ते म्हणाले, "साहेब, आता दुसरी घालू का?" आम्ही म्हटले, "अण्णा, आधी राणीला अंडी घालू द्या." ते हसले आणि झाकण हलकेच लावले. ती वसाहत आज सहा पोळ्यांवर आहे आणि गोंडे फुलायला लागले आहेत.

ज्या सभासदांना पेट्या ठेवायच्या आहेत त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. महाबळेश्वर येथे मध संचालनालय आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करता येईल. आधी शिकून घ्या, मग पेटी घ्या. आम्ही उलटे केले, त्याची किंमत एका सभासदाने मोजली.

— ऊस विकास अधिकारी