विश्लेषण : ६५ दिवसांच्या मुगाचे गणित कुठे बिघडते?

मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात मूग हे खरिपातले हुकमी पीक मानले जायचे. सणासुदीच्या तोंडावर शेंगा घरात यायच्या आणि हाती पैसा खेळायचा. यातली बरीच जमीन आता सोयाबीनखाली गेली आहे. तरीही रब्बीसाठी शेत लवकर मोकळे करणारा आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र देणारा मूग आजही परवडू शकतो. मात्र त्यासाठी वेळ पाळावी लागते.

पेरणी कधी करावी?

मूग ६० ते ७० दिवसांत तयार होतो. त्यामुळे झालेला उशीर पुढे भरून निघत नाही. पुरेसा पाऊस होऊन वाफसा येताच जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरणी उरकावी. पुढे उत्पादन घटते आणि भुरी रोगाचा धोका वाढतो.

बियाणे आणि खत किती?

एकरी ५ ते ६ किलो बियाणे पुरते. दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवावे. बदनापूरचा ‘बीएम २००३-२’ आणि अकोल्याचा ‘एकेएम ८८०२’ हे राज्यातले परिचित वाण आहेत. बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि नंतर रायझोबियम लावावे. एकरी ८ किलो नत्र व १६ किलो स्फुरद लागते. डीएपीच्या पाऊण गोणीत ही गरज जवळपास भागते.

पाने पिवळी पडली तर?

हिरव्या पानावर पिवळे चट्टे दिसले, तर तो पिवळा मोझॅक असू शकतो. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाड औषधाने बरे होत नाही. ते दिसताच उपटून नष्ट करावे आणि पिवळे चिकट सापळे लावून माशी आटोक्यात ठेवावी.

काढणीत नुकसान का होते?

शेंगा एकाच वेळी पिकत नाहीत. सगळ्या वाळण्याची वाट पाहिली आणि ऑगस्टमधला पाऊस लागून राहिला, तर दाणे शेंगेतच मोडावतात. साधारण ७५ टक्के शेंगा पिकल्यावर पहिली तोडणी करावी, उरलेल्या ८ ते १० दिवसांनी तोडाव्यात.

२०२५-२६ च्या खरिपासाठी मुगाचा हमीभाव क्विंटलला ८,७६८ रुपये होता. पण डागी किंवा ओला माल खरेदी केंद्रावर नाकारला जातो. त्यामुळे शेंगा नीट वाळवूनच मळणी करावी.