‘केमोतही धातूच असतो, मग भस्म का नको?’

शिरूर-दौंडकडून केमोसाठी पुण्याला ये-जा करणाऱ्या घरांत एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: “सलाइनमधून प्लॅटिनम देतातच ना? मग भस्मही धातूच की!” हे साफ चूक आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळणारं आहे.

सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधातल्या प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन जोडलेले असतात, दोन्ही क्लोरीन शेजारी-शेजारी. तेच समोरासमोर बसवले की ट्रान्सप्लॅटिन होतं. धातू तोच, अणूही तेवढेच, पण कर्करोगावर उपयोग नाही. घरात बारावी सायन्सचं मूल असेल तर त्याला विचारा, सिस-ट्रान्स त्याच्या अभ्यासात आहे. रक्तात क्लोराइड भरपूर, पेशीत कमी. म्हणून पेशीत शिरल्यावर क्लोरीन सुटतात आणि प्लॅटिनम डीएनएला, बहुतेक वेळा त्यातल्या ग्वानिन या घटकाच्या सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला, चिकटतो. शेजारचे दोन ग्वानिन असे जखडले गेले की डीएनए वाकतो, त्याची प्रत निघणं अडतं आणि पेशी मरते.

तसाच नायट्रोजन डीएनएच्या दुसऱ्या एका घटकाला, म्हणजे अ‍ॅडेनिनलाही आहे. मग प्लॅटिनमचा ओढा ग्वानिनकडेच का? बाइक, फ्रीस्नर आणि लिपार्ड या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये संगणकावर हे गणित मांडलं. जोडणीसाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा ग्वानिनला 24.6 किलोकॅलरी प्रतिमोल, अ‍ॅडेनिनला 30.2. फरक छोटा दिसतो, पण वेगात तो हजारो पटींचा होतो. इतकं सगळं एका जोडणीवर ठरत असताना ‘धातू तो धातू’ कसं म्हणवतं?

भस्म निरुपद्रवी असतं, हेही गृहीत धरू नका. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचं ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2008 मध्ये छापलं. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडांवर आधीच ताण येतो, म्हणून तर सोबत इतकं सलाइन चढवतात. त्यात पारा-शिशाची भर कशाला?

सिस्प्लॅटिनबद्दल आणखीही काही गैरसमज आहेत. ‘औषध संगणकानेच शोधलं’: नाही, 1965 मध्ये शास्त्रज्ञ रोझेनबर्ग यांच्या जिवाणूंवरच्या प्रयोगात त्याचा सुगावा लागला; अमेरिकेत मान्यता 1978 मध्ये मिळाली. ‘ते फक्त कर्करोगाच्या पेशी मारतं’: नाही, निरोगी पेशींनाही झळ बसते. ‘प्लॅटिनम म्हणजे श्रीमंतांचं औषध’: नाही, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

घरात भस्म, काढा, पुडी काहीही चालू असेल, तर पुढच्या केमोला जाताना ते सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.